ग्रिमाल्डींचे घरजावई

आमच्या घरी एक वंशावळ आहे. जाड पिवळट कागदावर शाईनं काढलेली आणि एका कोपऱ्यात पाणी पडून फुटलेली. तिच्यात एका ठिकाणी रेघ सरळ खाली न येता बाजूला वळते आणि तिथं नुसतं 'द.' एवढंच अक्षर आहे. लहानपणी मला वाटे, ते 'दत्तात्रेय'चं असावं. पुढे कळलं, पणजोबा दत्तक. म्हणजे ज्या घराण्याच्या शौर्यकथा ऐकत आम्ही वाढलो, त्या घराण्याचा आणि आमचा रक्ताचा संबंध शून्य! हा शोध मी मोठ्या तडफेनं आत्याला सांगायला गेलो. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रक्ताचं कोण विचारतंय रे? श्राद्ध कोण घालतं ते बघ."

मोनॅकोच्या राजघराण्याचा इतिहास वाचताना मला आत्याची फार आठवण आली.

मोनॅको म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावरचं, सगळं मिळून दोन चौरस किलोमीटरचं राज्य. एका बाजूला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना फ्रान्स. सकाळी दूध आणायला निघालेला माणूस जरा विचारात चार पावलं जास्त चालला, तर दूध परदेशातून येतं. एवढ्याशा जागेवर ग्रिमाल्डी हे घराणं सात शतकं हक्क सांगत आलंय.

सुरुवात मात्र झोकात. १२९७ सालच्या जानेवारीत जिनोआतून हाकललेला फ्रान्चेस्को ग्रिमाल्डी फ्रान्सिस्कन साधूचा वेष घेऊन इथल्या किल्ल्याच्या दारात उभा राहिला, अशी कथा आहे. पहारेकऱ्यांनी साधू म्हणून आत घेतला, आणि झग्याखालून तलवार निघाली. आपल्याकडच्या गोष्टीत बैराग्याचा वेष किल्ल्यातून बाहेर पडायला घेतात. ह्यानं आत शिरायला घेतला. लोकांनी त्याला 'मालित्सिया' म्हणजे 'कावेबाज' असं नाव ठेवलं. दुसऱ्या कुणी ही आठवण दडवली असती. ह्यांनी राजचिन्हावर तलवारी उपसलेले दोन साधू काढून ठेवलेत. आजही आहेत.

पण हा मूळपुरुष चार वर्षांत किल्ल्याबाहेर फेकला गेला आणि निपुत्रिक वारला! घराणं पुढे चाललं ते चुलत शाखेतून. म्हणजे आमच्या वंशावळीतला 'द.' निदान चार पिढ्या थांबला; इथं पहिल्याच पायरीला रेघ बाजूला. मग किल्ला कधी हातात, कधी दुसऱ्याच्या. शेवटी १४१९ साली त्यांनी तो अरॅगॉनच्या राजाकडून रोख पैसे मोजून विकत घेतला. आधी चोरी, आणि सव्वाशे वर्षांनी खरेदीखत. मधल्या भाऊबंदकीबद्दल फार बोलत नाही. १५०५ साली ल्युसियाँनं सख्ख्या भावाला मारलं, १५२३ साली ल्युसियाँला भाच्यानं मारलं आणि १६०४ साली एर्क्यूल नावाच्या धन्याला प्रजेनंच मारून समुद्रात टाकलं. समुद्र जवळ असल्याचे हे तोटे. १६१२पासून ते स्वतःला 'प्रिन्स' म्हणवू लागले.

खरी गंमत पुढे. पहिल्या आंत्वानला मुलगा नव्हता. थोरली मुलगी लुईज-इपोलीत. वधुपित्यानं स्थळं बघायला सुरुवात केली, पण अट वेगळी. मुलगा खानदानी हवा, श्रीमंत हवा आणि त्यानं लग्नानंतर आपलं आडनाव आणि कुलचिन्ह सोडून आमचं लावायला हवं. शेवटी नॉर्मंडीच्या सरदार घराण्यातला जाक द मातिन्यों तयार झाला आणि १७१५ साली ग्रिमाल्डी होऊन बोहल्यावर चढला. १७३१ साली सासरे वारले. बाईंनी कारभार आपल्या एकटीच्या नावानं सुरू केला. (शाबास!) पण त्याच वर्षाअखेर देवी येऊन त्या गेल्या. घरजावई गादीवर बसला खरा, पण जीव रमला नाही. १७३३ साली राज्य मुलाच्या नावावर करून त्यानं पॅरिस गाठलं. तिथला त्याचा 'मातिन्यों' वाडा हे आज फ्रेंच पंतप्रधानांचं अधिकृत निवासस्थान आहे. मोनॅकोत जे नाव पुसावं लागलं, ते पॅरिसात असं पक्कं राहिलं!

१७९३ साली फ्रेंच क्रांतीनं हे राज्य गिळलं. १८१४ साली ते परत मिळालं. आणि १८४८ साली मांतों आणि रोकब्रून ही दोन गावं बंड करून फुटली. १८६१ साली तिसऱ्या शार्लनं त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला चाळीस लाख फ्रँकला विकला. रुपयातले पंच्याण्णव पैसे जमीन गेली. उरलेल्या पाच पैशांत राज्य चालायचं कसं? म्हणून त्यानं जुगाराचा अड्डा काढला. त्या टेकडीला पुढे त्याच्याच नावावरून 'माँते कार्लो' म्हणू लागले. १८६९ साली प्रजेवरचा प्राप्तीकर उठवला. प्रजेला मात्र जुगारघरात खेळायला बंदी. खानावळवाल्याची पोरं घरी जेवतात, त्यातलाच प्रकार.

१८४८ म्हटलं की आपल्याला सातारा आठवतो. दत्तक नामंजूर, राज्य खालसा. पुढे १८५४ साली नागपूरची तीच गत. मोनॅकोवरही हीच वेळ १९१८च्या सुमारास आली. गादीचा वारस लुई पन्नाशीकडे झुकलेला आणि अविवाहित. त्याच्यामागून हक्क सांगत होता लुईच्या वडिलांचा आतेभाऊ, उराखचा ड्यूक. आणि तो जर्मन! महायुद्ध पेटलेलं असताना जर्मन राजा आपल्या कुशीत बसणार, ह्या कल्पनेनंच फ्रान्सला घाम फुटला. (ह्याच ड्यूकला १९१८च्या जुलैत लिथुआनियानं राजा निवडलं आणि नोव्हेंबरात निवड रद्द केली. माणसाच्या पत्रिकेत गादी होती, बसायचा योग नव्हता.)

तोडगा निघाला तो असा. लुईला अल्जीरियात लग्नाशिवाय झालेली एक मुलगी होती, शार्लोत. १९१९ साली बापानं आपल्याच पोटच्या वीस वर्षांच्या मुलीला रीतसर दत्तक घेतलं. शेजारच्या बलाढ्य सरकारनं मान डोलावली. साताऱ्याला ज्या शब्दानं राज्य बुडालं, त्याच शब्दानं इथं ते तरलं. शास्त्र दोन्हीकडे होतं. प्रश्न शेजाऱ्याच्या सोयीचा होता. शिवाय १९१८च्या तहात फ्रान्सनं लिहून घेतलंच होतं, की वंश खुंटला तर राज्य आमच्या छत्राखाली.

शार्लोतसाठी पुन्हा स्थळं, पुन्हा तीच अट. १९२० साली प्येर द पोलिन्याक नाव बदलून ग्रिमाल्डी झाला. संसार टिकला नाही. १९३३ साली घटस्फोट झाला. एवढी खटपट करून जिला वारस केलं, ती शार्लोत गादीवर कधीच बसली नाही. १९४४ साली तिनं हक्क मुलाला दिला. तो रेनिये. १९४९पासून २००५पर्यंत राज्य केलं आणि १९५६ साली हॉलिवूडच्या ग्रेस केलीशी लग्न केलं, तो हाच. तिला आडनाव बदलायला कुणी अट घातली नसावी. ते काम पुरुषांकडे होतं.

रेनियेचा मुलगा दुसरा आल्बेर. तोही बराच काळ अविवाहित, त्यामुळे २००२ साली पुन्हा धावपळ. राज्यघटना बदलली, फ्रान्सशी नवा तह केला आणि ते छत्राखाली जाण्याचं कलम काढून टाकलं. शेवटी २०१४ साली त्याला जुळं झालं. मुलगी गाब्रिएला दोन मिनिटांनी थोरली, पण वारस मुलगा. मुलाचं नाव जाक ठेवलंय. गादीवर आला तर तो दुसरा जाक. पहिला तो मातिन्यों, घरजावई.