चारशे घरं आणि हरवलेलं शून्य

तंजावरची पोस्टिंग कळली तेव्हा गावाकडे सगळ्यांनी एकच सांगितलं, "व्यंकोजीराजांचं गाव आहे. मोठ्या देवळातला मराठी शिलालेख बघून ये." सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले कुळाचा तो इतिहास मी पहिल्याच रविवारी पाहिला. आज मात्र लिहितोय ते त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवरच्या एका तमिळ लेखाबद्दल. माझी एक चूक मला त्या लेखाने नीट समजावली.

काम होतं पुराच्या मदतकार्याच्या सरावाचं. कावेरीच्या मुखाकडची गावं संगणकाच्या नकाशावर आणायची आणि कुठल्या गावात माणसं किती, ते जोडायचं. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गावांच्या सीमा एका फाइलमध्ये असतात, माहितीचा तक्ता दुसऱ्या. दोन्हींत एक समान रकाना लागतो. त्यावरूनच तक्त्यातली ओळ आपल्या गावाला जाऊन चिकटते.

माझा रकाना तालुक्याचा आणि गावाचा संकेतांक मिळून केलेला होता. २०११ च्या जनगणनेत तालुक्याचा संकेतांक पाच आकडी आहे आणि देशातले तालुके सहा हजारांच्या आत, म्हणून प्रत्येक संकेतांकाच्या सुरुवातीला शून्य येतं. मी तक्ता आधी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केला. एक्सेलला ती साधी संख्या वाटली आणि पुढचं शून्य गेलं. तक्ता आयात करून जोडला, तर सगळा नकाशा कोरा!

घाईत मी संकेतांक सोडला आणि गावाच्या नावावरून जोडलं. नकाशा बराचसा भरला. मी खूश. आमचे साहेब याच जिल्ह्यातले. त्यांनी दोन गावांवर बोट ठेवलं. "ही दोन्ही एकाच नावाची, ठीक. पण माणसंही तेवढीच कशी?" सॉफ्टवेअरने त्या नावाची पहिली सापडलेली ओळ दोघांनाही दिली होती. कोरं गाव निदान डोळ्यांना खुपतं. चुकीचा आकडा खुपत नाही. खरा पूर असता तर होड्या त्याच हिशेबाने गेल्या असत्या.

पुढच्या रविवारी साहेबच मला देवळात घेऊन गेले. राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण केलं. त्याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, म्हणजे साधारण १०१४ मध्ये कोरलेल्या लेखात देवळाच्या सेवेसाठी चोळ राज्यातल्या ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे. साहेब वाचून अर्थ सांगत गेले: रस्ता कुठला, रस्त्याची बाजू कुठली, घर कितवं, बाईचं नाव, ती कुठल्या गावच्या देवळातून आली. तिरुवारूर, नागपट्टिणम... प्रत्येकीला एक वाटा, म्हणजे वर्षाला शंभर कलम भात. ती गेली तर वाटा जवळच्या नात्यातल्या लायक बाईला.

यादीत एकसारखी नावं पुन्हापुन्हा येतात. भाताची मापं मात्र ज्या त्या घरी पोचणार, कारण घर ठरलेलं. आपल्याकडे एकाच नावाचे तीन शेतकरी असले तरी गट नंबर वेगळा असतो, तसंच हे. एक हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला जे कळलं होतं, ते मी शून्यासकट गमावून बसलो होतो.

नकाशाचं दुसरं अंगही याच देवळाने पाहिलंय. सीमा आणि अंतरं नेमकी मांडायची तर आधी बिंदू पक्के हवेत. त्यासाठी १८०८ मध्ये विल्यम लॅम्टनने आपला अजस्र थिओडोलाइट या शिखरावर चढवायला घेतला. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळून वाकलं. लॅम्टनने ते स्वतः दुरुस्त केलं आणि मोजणी पुढे चालू ठेवली.

मीही सोमवारी मूळ तक्ता पुन्हा घेतला. आयात करताना संकेतांकाचा रकाना संख्या म्हणून नाही, मजकूर म्हणून घेतला. जोडून झाल्यावर रिकाम्या राहिलेल्या ओळी मोजल्या, मग एकाच नावाची गावं एकेक करून तपासली. त्या दोन गावांचे आकडे आता वेगवेगळे होते. साहेबांनी पाहिलं, मान हलवली आणि चहा मागवला.

जय हिंद.