१४ कोटी फोनांत लपलेलं सॉफ्टवेअर: कॅरिअर आयक्यूची गोष्ट

'फोन आपलं सगळं ऐकतो' हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय. मित्राशी शूजबद्दल बोललो आणि लगेच शूजची जाहिरात आली, वगैरे. आज त्या वादात मी पडणार नाहीये. आज एक जुनी केस सांगायची आहे. तिच्यात फोनमध्ये खरोखरच एक लपलेलं सॉफ्टवेअर होतं आणि ते कोट्यवधी लोकांच्या खिशात होतं. गंमत म्हणजे या केसची जी बातमी जगभर गाजली, तिचा सगळ्यात भीतीदायक भाग चुकीचा निघाला. आणि जो भाग बरोबर होता, तो तितकासा गाजलाच नाही.

काळ आहे नोव्हेंबर २०११, देश अमेरिका. तिथली तेव्हाची फोन घ्यायची पद्धत आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपण दुकानात जाऊन फोन घेतो आणि आपलं सिम त्यात टाकतो. तिथे बहुतेक लोक एटी अँड टी, स्प्रिंट, व्हेरायझन अशा मोबाइल कंपनीकडूनच फोन घ्यायचे, दोन वर्षांच्या करारावर, स्वस्तात. म्हणजे एचटीसी किंवा सॅमसंगचं खरं गिऱ्हाईक कोण, तर ही मोबाइल कंपनी. फोनमध्ये काय असावं, काय नसावं, हे तीच सांगणार. अशा कंपनीला तिथे कॅरिअर म्हणतात.

आता कॅरिअरची अडचण. कॉल मधेच कट होतो, नेट चालत नाही, बॅटरी लवकर संपते. गिऱ्हाईक चिडून फोन करतं, पण दोष टॉवरचा की फोनचा हे कळणार कसं? जुना उपाय म्हणजे गाडीत यंत्रं ठेवून शहरभर फिरायचं आणि सिग्नल मोजायचा. महागडं काम, आणि गाडी काही लोकांच्या लिफ्टमध्ये किंवा बेडरूममध्ये जात नाही. मग २००५ साली कॅलिफोर्नियात कॅरिअर आयक्यू नावाची कंपनी निघाली. त्यांचा विचार सरळ होता: प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात फोन आहेच, मग त्यालाच मोजमापाचं यंत्र करू. फोनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्याला 'एजंट' म्हणायचं. काय काय टिपायचं याची यादी कॅरिअर ठरवणार, ती 'प्रोफाइल' म्हणून एजंटकडे जाणार, आणि जमलेला डेटा अधूनमधून वर पाठवला जाणार. इंजिनिअर म्हणून सांगतो, यात सुरुवातीला वाईट असं काहीच नाही. आम्हीही आमच्या सर्व्हरवर असलंच काहीतरी बसवतो. फरक इतकाच, की सर्व्हर आमचा असतो.

कनेक्टिकटमधला ट्रेव्हर एकहार्ट तेव्हा २५ वर्षांचा होता. काम सिस्टम अ‍ॅडमिनचं आणि छंद अँड्रॉइड फोन उघडून बघायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याने आणखी दोघांबरोबर दाखवून दिलं होतं, की एचटीसीने काही फोनांत लॉग जमवणारा स्वतःचा प्रोग्रॅम टाकला आहे आणि इंटरनेटची परवानगी असलेलं कुठलंही साधं अ‍ॅप तो डेटा वाचू शकतं. तेच धागे ओढता ओढता तो कॅरिअर आयक्यूपर्यंत पोचला. कंपनीची ट्रेनिंग मॅन्युअल्स तिच्याच वेबसाइटवर उघडी पडलेली होती. ती त्याने उतरवून घेतली, वाचली आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या वेबसाइटवर सविस्तर लिहिलं. तिथे त्याने एक शब्द वापरला: रूटकिट. म्हणजे सिस्टीमच्या तळाशी बसून स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर. हा शब्द साधारणपणे व्हायरस लिहिणाऱ्यांसाठी राखलेला असतो.

कंपनीला तो झोंबला. १६ नोव्हेंबरच्या तारखेची कायदेशीर नोटीस एकहार्टला आली. मॅन्युअल्स काढून टाक, आरोप मागे घे, माफी माग, नाहीतर कॉपीराइट भंगासाठी दीड लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. समोर एकटा माणूस, आणि त्याच्या हातात त्यांचीच मॅन्युअल्स! घाबरून गप्प बसला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. पण तो इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनकडे गेला. ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी अमेरिकी संस्था. त्यांच्या वकिलांनी उत्तर दिलं, की टीका करणं आणि त्यासाठी कागदपत्रं दाखवणं हा त्याचा हक्क आहे. २३ नोव्हेंबरला कंपनीने नोटीस मागे घेतली आणि वर एकहार्टचीच माफी मागितली. माझ्या मते हे सगळं प्रकरण पेटलं ते या नोटिशीमुळे. नाहीतर त्याचं लिखाण अँड्रॉइडवाल्या पोरांनी वाचलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

२८ नोव्हेंबरला त्याने यूट्यूबवर साधारण १७ मिनिटांचा व्हिडिओ टाकला. एचटीसीचा फोन, बाजूला लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर फोनचा लॉग सरकतोय. आधी तो अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन तो प्रोग्रॅम शोधून दाखवतो. 'फोर्स स्टॉप' दाबतो, काहीच होत नाही. मग डायलरमध्ये आकडे दाबतो, प्रत्येक बटण लॉगमध्ये उमटतं. मेसेज येतो, त्याचा मजकूर लॉगमध्ये. शेवटी तो गूगलच्या एचटीटीपीएस पानावर जाऊन 'हॅलो वर्ल्ड' शोधतो. एचटीटीपीएस म्हणजे वाटेत कोणी वाचू नये म्हणून बंद पाकिटात पाठवलेलं पत्र. पण पाकीट चिकटवायच्या आधीच पाठीमागे कोणी उभं असेल तर? लॉगमध्ये 'हॅलो वर्ल्ड' स्वच्छ दिसत होतं. आणि फोन तेव्हा मोबाइल नेटवर्कवर नव्हताच, वायफायवर होता.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर '१४ कोटी १० लाखांहून जास्त फोनांत आम्ही आहोत' असा आकडा मिरवत होता, तोच आता गळ्यात आला. सेनेटर अल फ्रँकन यांनी कंपनीला आणि कॅरिअर्सना पत्रं लिहून जाब विचारला. स्प्रिंटने २ कोटी ६० लाख फोन कबूल केले, एटी अँड टीने सुमारे ९ लाख. टी-मोबाइलही त्यात होती. व्हेरायझन म्हणाली आम्ही हे वापरत नाही. अ‍ॅपल म्हणालं की आयओएस ५ पासून बहुतेक उत्पादनांत आम्ही ते बंद केलंय, म्हणजे आधी होतं. एफबीआय हा डेटा वापरते अशीही आवई उठली आणि तिच्या संचालकांना सेनेटसमोर नाही म्हणून सांगावं लागलं. अँटिव्हायरसवाल्यांनी 'तुमच्या फोनमध्ये आहे का बघा' अशी अ‍ॅप्स काढली. ती अ‍ॅप्स शोधून द्यायची, पण काढून टाकता मात्र यायचं नाही. फोन तुमचा असला तरी त्याच्या रूटच्या किल्ल्या तुमच्याकडे नव्हत्या.

आणि आता कलाटणी. डॅन रोझेनबर्ग नावाच्या सुरक्षा संशोधकाने अख्खा एजंट उलटा उघडला, म्हणजे तयार प्रोग्रॅमवरून तो आतून काय करतो हे ओळीओळीने शोधलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने निष्कर्ष मांडला: हा एजंट मेसेजचा मजकूर, ईमेल किंवा वेबपेजमधला मजकूर टिपत नाही. बटणं टिपतो ती फक्त डायलरमधली.

मग व्हिडिओत दिसलं ते काय होतं? इथे जरा थांबू. अँड्रॉइडमध्ये लॉगकॅट नावाची एक सामाईक वही असते. प्रत्येक प्रोग्रॅम त्यात 'मी हे केलं, मला हे मिळालं' असं लिहीत असतो. डेव्हलपर ती वाचून बग शोधतो, आणि फोन बाजारात जायच्या आधी असल्या जास्तीच्या ओळी बंद करायच्या असतात. एचटीसीने एजंटला माहिती पुरवायला जो जोडकोड लिहिला होता, त्यातल्या या ओळी तशाच चालू राहिल्या. त्यामुळे बटणं, मेसेज, पत्ते, सगळं त्या वहीत छापलं जात होतं. कॅरिअर आयक्यूचा एजंट तिकडे ढुंकूनही बघत नव्हता, पण परवानगी घेतलेलं दुसरं एखादं अ‍ॅप बघू शकत होतं. सगळं जग ज्या गुप्तहेराला शोधत होतं, तो हाच: कोणीतरी बंद करायला विसरलेला डीबग कोड. प्रॉडक्शनमध्ये काम केलेल्या कोणालाही हे वाचून हसू येईल आणि लगेच घामही फुटेल.

हे बाहेर आल्यावर बऱ्याच जाणकारांनी 'बघा, उगाच बोंबाबोंब' असं म्हणून हात झटकले. मला ते पटत नाही. कारण त्याच रोझेनबर्गने हेही लिहिलं होतं, की एजंट तुम्ही उघडलेल्या पानांचे पत्ते टिपू शकतो, एचटीटीपीएसचेसुद्धा, आणि काही वेळा जीपीएसवरचं ठिकाणही. गूगलवर जे शोधता ते पत्त्यातच असतं ना! म्हणजे तुम्ही कुठला आजार शोधला, कुठल्या वकिलाचं पान उघडलं, हे तुमच्या मोबाइल कंपनीने ठरवलं तर तिच्याकडे जाऊ शकत होतं. ग्राहकाला नको म्हणता यायला हवं, असं त्याचंही म्हणणं होतं.

आणि मग कंपनीचा स्वतःचा अहवाल आला, १२ डिसेंबरला. त्यात एक बग कबूल केला होता. कॉल किंवा डेटा चालू असताना मेसेज आला, तर नेटवर्कच्या सिग्नलिंगबरोबर तो मेसेजही चुकून गोळा होत होता. माणसाला सरळ वाचता येणार नाही अशा स्वरूपात, हे खरं. पण विचार करा. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांनाच आपण लोकांचे मेसेज उचलतोय हे माहीत नव्हतं! एकहार्टने व्हिडिओ टाकला नसता तर ते त्यांना कधी कळलं असतं? 'आम्ही वाईट काही करत नाही' ही कंपनीची बाजू प्रामाणिक होती असं मी धरून चालतो. तरी प्रश्न सुटत नाही, कारण तपासणारं दुसरं कोणीच नव्हतं. कॅरिअर्स म्हणत होते की आमच्या प्रायव्हसी पॉलिसीत हे बसतं. पण ज्या सॉफ्टवेअरचं नावच कोणाला माहीत नाही, त्याला होकार दिला तरी कसा म्हणायचा?

पुढचं भराभर सांगतो. स्प्रिंटने त्याच डिसेंबरमध्ये आपल्या फोनांवर ते बंद केलं. अँड्रॉइडने २०१२ च्या जेली बीनपासून साध्या अ‍ॅप्सना दुसऱ्यांचे लॉग वाचणं बंद केलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एचटीसीशी समझोता केला. त्यात तो विसरलेला डीबग कोडही होता, आणि पुढची २० वर्षं दर दोन वर्षांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुरक्षा तपासणी करून घ्यायची अट होती. ग्राहकांनी भरलेले दावे कॅलिफोर्नियात एकत्र केले गेले आणि २०१६ मध्ये ९० लाख डॉलरवर मिटले. आता ९० लाखांना १४ कोटींनी भागून बघा, चहासुद्धा येत नाही. दावेकरी तितके नव्हते, पण तरीही.

आजच्या फोनमध्ये असली कामं बऱ्यापैकी उजेडात आली आहेत. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'युसेज अँड डायग्नॉस्टिक्स' असं शोधा, आयफोनवर प्रायव्हसीखाली 'अ‍ॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स' बघा. दोन्हीकडे बंद करायचं बटण आहे. २०११ च्या त्या एचटीसीवर ते नव्हतं.

आणि कॅरिअर आयक्यूचं काय झालं? डिसेंबर २०१५ मध्ये तिचं सॉफ्टवेअर आणि काही माणसं विकत घेतली गेली. घेणारी कंपनी होती एटी अँड टी.

भेटूया पुढच्या भागात.