पातळीवाढ (ऑनलाइन खेळांतील)

भूमिकाप्रधान खेळात पात्र लढाया जिंकून अनुभवगुण कमावते आणि पातळी चढते. ही रीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या फाशांच्या खेळातून आली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये (२००४) आरंभी साठावी पातळी शेवटची होती. पुढची सारी धडपड सरस चिलखत-तलवारींसाठी. मोबाइलवर खेळणाऱ्या नांदेड-लातूरच्या मुलांना हा प्रकार भेटतो तो मुख्यतः नेमबाजीच्या खेळांत. अशाच 'बीजीएमआय' या खेळात (भारतात दाखल: २ जुलै २०२१) पातळी खात्याची चढते, सामन्यात मात्र सगळे रिकाम्या हातांनी उतरतात. बंदुकीची सजावट टप्प्याटप्प्याने वाढवता येते, तीही बहुधा नशिबाच्या पेट्यांवर पैसे खर्चून. पैसे खर्चण्याआधी मुलांनी हे जाणून घ्यावे: त्या सजावटीने रूप आणि झगमगाट वाढतो, गोळीचा मारा तेवढाच राहतो.