शाळाप्रवेशाची चाचणी आणि शाळेचे बांधकाम : कायदा काय सांगतो?

डिसेंबर-जानेवारी लागला की प्रत्येक मोहल्ल्यात एकच चर्चा सुरू होते. अमक्या शाळेचे फॉर्म निघाले का, मुलाखत कधी आहे, मुलाला रंग आणि आकडे येतात का, अम्मी-अब्बूंना इंग्रजीत विचारतात का. दुसरी चर्चा इतक्या मोठ्याने होत नाही, पण होते. वस्तीत प्राथमिकनंतर शाळाच नाही, जी आहे तिच्या वरच्या मजल्याला नोटीस आली आहे, आणि ज्या प्लॉटवर शाळेचे आरक्षण होते तिथे आता दुकाने उभी राहतायत.

पहिला प्रश्न शिक्षण हक्क कायद्याचा आणि दुसरा नगररचना कायद्याचा. कार्यालये वेगळी, अर्ज वेगळे. पण मुलासाठी दोन्हीचा अर्थ एकच : शाळेत जागा मिळणार की नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की मुस्लीम वस्त्यांत प्राथमिकच्या पुढच्या शाळा कमी आहेत आणि फक्त मुलींच्या शाळा त्याहून कमी. जागा कमी असली की निवड कडक होते, आणि निवड कडक झाली की गरिबाचे मूल आधी बाहेर पडते. म्हणून दोन्ही कायद्यांतल्या कामाच्या तरतुदी आम्ही इथे एकत्र देत आहोत.

चाचणी आणि मुलाखतीला बंदी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या, म्हणजे पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे. त्याचे कलम १३ सांगते की प्रवेश देताना शाळेने कॅपिटेशन फी घ्यायची नाही आणि मुलाची किंवा त्याच्या पालकांची कसलीही निवड-चाचणी घ्यायची नाही. 'पालकांची' हा शब्द नीट लक्षात ठेवा. आई-वडिलांचे शिक्षण, इंग्रजी किंवा पगार पाहून मुलाला नाकारणे हीसुद्धा निवड-चाचणीच आहे.

निवड-चाचणी म्हणजे काय हेही कायद्याने सांगितले आहे : एका मुलाला दुसऱ्यापेक्षा पुढे ठेवण्याची, सोडत सोडून असलेली कोणतीही पद्धत. त्यामुळे "ही परीक्षा नाही, फक्त गप्पा आहेत" असे शाळेने म्हटले तरी त्या गप्पांवरून प्रवेश ठरत असेल तर ती चाचणीच. दंड पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत आहे. कॅपिटेशन फी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीविरुद्ध १९८७ पासून राज्याचा स्वतंत्र कायदाही आहे.

आणखी दोन कलमे उपयोगाची आहेत. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू झाले म्हणूनही नाकारता येत नाही.

एक फट मात्र आहे. नर्सरी आणि केजी सहा वर्षांखालच्या मुलांची. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की चाचणीबंदीचे हे संरक्षण २५ टक्के राखीव जागा सोडल्या तर नर्सरी प्रवेशाला लागू होत नाही, आणि सरकारने कायदा बदलण्याचा विचार करावा. शाळा केजीपासून भरती करतात आणि पहिलीत बाहेरून फार थोड्यांना घेतात. खरी चाळणी तिथेच लागते.

तक्रार कुठे करायची? कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तोंडी सांगू नका. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

२५ टक्के जागा आणि सोडत

कलम १२(१)(सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. फीची प्रतिपूर्ती सरकार करते. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन आणि निवड सोडतीने होते. दुर्बल घटकासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. २०१८ पासून वंचित घटकात ओबीसी आणि विमुक्त-भटक्या जमातींचाही समावेश आहे. मोमीन, तांबोळी, पिंजारी असे आपल्यातले अनेक समाज ओबीसी यादीत आहेत, छप्परबंद विमुक्त जमातीत आहेत. कित्येक घरांत जातीचा दाखलाच काढलेला नसतो, त्यामुळे हक्क असून अर्ज करता येत नाही.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा तो बदल होता. शहरात अशी शाळा जवळपास सगळीकडे असते, म्हणजे योजना बंद पडल्यासारखीच. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. पालक कोर्टात गेले म्हणूनच हे घडले.

आपल्या संस्थांचे काय?

इथे थोडे कडू बोलावे लागेल. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या सुटीबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांसमोर ठेवायला सांगितले.

सुटीचा अर्थ असा की कलम १३ ची चाचणीबंदीही अशा शाळांना लागू नाही. कायद्याने सूट दिली, पण मुलाखत घ्याच असे कोणी सांगितलेले नाही. कलम ३० चा हक्क कौमच्या मुलांना शिकता यावे म्हणून मिळाला आहे. रिक्षावाल्याच्या, बांधकाम मजुराच्या, बीडी वळणाऱ्या आईच्या मुलाला "अलिफ-बे येत नाही" किंवा "ए-बी-सी-डी येत नाही" म्हणून परत पाठवायचे असेल, तर तो हक्क कुणासाठी? पाच वर्षांच्या मुलाला काय येते यावरून त्याच्या घरात कोण शिकलेले आहे एवढेच कळते, मूल किती शिकू शकेल ते कळत नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर उघड सोडत काढा. पालकांसमोर चिठ्ठ्या काढायला एक सकाळ पुरते, आणि शिफारशीचे फोनही बंद होतात.

जिथे परीक्षा असतेच

जवाहर नवोदय विद्यालयात सहावीसाठी निवड परीक्षा असते. ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. बुद्धिमत्ता चाचणीला ५० गुण, अंकगणित आणि भाषेला प्रत्येकी २५. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, एक तृतीयांश जागा मुलींसाठी. परीक्षा एकदाच देता येते. ती मराठीतून देता येते, तशी उर्दूतूनही. फॉर्ममध्ये माध्यम निवडताना सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. मूल पाचवीपर्यंत ज्या भाषेत शिकले तीच भाषा घाला. अशा परीक्षेत न्याय म्हणजे नियम आधी जाहीर असणे, भाषा मुलाची असणे आणि गुण सगळ्यांना एकाच मापाने मिळणे.

शाळेची जागा : विकास आराखडा

आता दुसरा कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६. प्रत्येक शहराचा विकास आराखडा याच कायद्याखाली होतो. त्यात रस्ते, बागा, दवाखाने, शाळा आणि मैदाने यांसाठी जागा आरक्षित होतात. वीस वर्षांतून एकदा तरी आराखड्याची सुधारणा करावी लागते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, नंतर नियोजन समिती सुनावणी घेते. या तीस दिवसांत वस्तीतून "आमच्या भागात शाळेचे आरक्षण टाका" असा एकही अर्ज गेला नाही, तर पुढची वीस वर्षे तक्रार करून फार काही हाती लागत नाही. आपल्याकडे नेमके हेच होते. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते आणि आपल्याला ती कळते तेव्हा मुदत गेलेली असते.

आरक्षण पडले म्हणजे शाळा झाली असेही नाही. कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाली आणि जागा ताब्यात घेतली गेली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. मालकाच्या दृष्टीने हे रास्तच आहे, त्याची जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची? पण वस्तीची शाळा तिथेच जाते. म्हणून आपल्या प्रभागातले शाळा आणि मैदानाचे प्लॉट कोणते आणि त्यांना किती वर्षे झाली याची यादी मोहल्ला कमिटीकडे असावी, आणि दहा वर्षे भरण्याआधी नगरसेवकाकडे पाठपुरावा सुरू व्हावा.

बांधकाम परवानगी

मुंबई महापालिका आणि काही खास क्षेत्रे सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे. मुंबईची वेगळी आहे. कुठेही क्रम साधारण तोच : जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढणे, परवानाधारक आर्किटेक्टकडून नकाशा करून मंजुरी घेणे, जोत्यापर्यंत काम आले की तपासणी, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. वक्फच्या जमिनीवर शाळा असेल तर वक्फ मंडळाची मान्यता आणि नगररचनेची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणून दुसरी माफ होत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातही शाळेच्या इमारतीचे निकष आहेत : प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अडथळा नसलेला मार्ग, मैदान, कुंपण. मान्यता नसताना शाळा चालवली तर १ लाखापर्यंत आणि पुढे दिवसाला १० हजारांपर्यंत दंड आहे.

"नियम म्हणजे आपल्याला त्रास द्यायचे साधन" असे काही विश्वस्त म्हणतात. नियमांचा वापर कधी पक्षपाताने होतो हे खरे. पण नियम का आले तेही पाहा. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे शाळेला आग लागली आणि ९४ मुले गेली. आग स्वयंपाकघरातून गवती छपराला लागली होती. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. अरुंद जिना आणि कुलूप लावलेले मागचे दार कोणत्या कौमचे आहे हे आग विचारत नाही.

नोटीस आली तर

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत देशभरासाठी निर्देश दिले. नोटिशीशिवाय पाडता येणार नाही, किमान १५ दिवसांची मुदत द्यावी लागेल, म्हणणे ऐकून घ्यावे लागेल आणि कारणांसह आदेश काढावा लागेल. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरचे बांधकाम किंवा कोर्टाच्याच आदेशाचे पाडकाम याला हे संरक्षण नाही. नोटीस फाडू नका, घ्यायला नकारही देऊ नका. ती मिळाल्याची तारीख लिहा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या.

आजच करण्यासारखे

पालकांनी : मुलाचा जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा आणि उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला दिवाळीपूर्वी तयार ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का पाहा. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर 'मो.', तिसऱ्यावर 'मोहंमद' असले की कागदपत्रे तपासताना अर्ज अडकतो.

विश्वस्तांनी : मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निसुरक्षेचा ताजा दाखला आणि शाळेची मान्यता एका फाइलमध्ये ठेवा. जे नसेल त्याचा अर्ज नोटीस येण्याआधी करा. प्रवेशाची पद्धत दारावर लिहून लावा.

मोहल्ल्याने : आराखड्याच्या नोटिशींवर लक्ष ठेवायला वर्तमानपत्र नीट वाचणारा एक माणूस नेमा, आणि जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांत मुदत सगळ्यांना सांगा. तीस दिवस लवकर संपतात.