दोन खडकांच्या मधली जागा

मंडळी, डेन्व्हरला ऑनसाइट जाऊन आलेला एखादा तरी मित्र तुम्हाला असेलच. त्याच्या फोटोंमध्ये एक फोटो हमखास असतो. दोन्ही बाजूंना लालभडक खडक, मध्ये पायऱ्याच पायऱ्या आणि खाली ठिपक्याएवढं स्टेज. हे रेड रॉक्स अँफिथिएटर. इथे बीटल्स येऊन गेले, यू-टू येऊन गेले, हे रॉकवाल्यांना तोंडपाठ असतं. पण हे बांधलं कोणी, असं विचारलं की सगळे गप्प! तर आज त्याची गोष्ट.

आधी थोडा भूगोल. डेन्व्हरच्या पश्चिमेला मॉरिसन नावाचं छोटं गाव आहे, त्याच्याजवळ ही जागा. उंची ६,४५० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून हजारेक फूट जास्त. दोन बाजूंचे खडक सुमारे ३०० फुटी. एकाचं नाव क्रिएशन रॉक, दुसऱ्याचं शिप रॉक. स्टेजच्या मागे तिसरा, स्टेज रॉक. जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वी साठलेल्या गाळाचा हा वालुकाश्म, आणि त्यातल्या लोहामुळे तो लाल. मुळात हे थर आडवे होते. पुढे रॉकी पर्वत वर येताना ते तिरपे उचलले गेले. तिन्ही बाजूंनी खडक असल्यामुळे इथे आवाज छान घुमतो.

ही जागा गाण्यासाठी आहे हे पहिल्यांदा मनावर घेतलं जॉन ब्रिस्बेन वॉकर या माणसाने. तो 'कॉस्मोपॉलिटन' मासिकाचा मालक होता. १९०५ साली त्याने मासिक विकलं आणि इथे लक्ष घातलं. १९०६ पासून तात्पुरतं व्यासपीठ उभारून त्याने कार्यक्रम केले. स्वप्नं मोठी होती, पैसा पुरला नाही. शेवटी १९२०च्या दशकाच्या अखेरीस डेन्व्हर शहराने ५४,१३३ डॉलरला ही जमीन विकत घेतली.

आणि मग आली १९२९ची मंदी.

शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुख होते जॉर्ज क्रॅनमर. सिसिलीमधलं ताओर्मिनाचं प्राचीन थिएटर त्यांच्या डोक्यात बसलं होतं, तसंच काहीतरी इथे करायचं होतं. पण शहराकडे एवढ्या मजुरीचा पैसा आणायचा कुठून? उत्तर वॉशिंग्टनहून आलं. रूझवेल्ट सरकारने १९३३ साली 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' सुरू केली होती. साधारण १८ ते २५ वयाचे, बेकार, अविवाहित तरुण घ्यायचे, कॅम्पमध्ये ठेवायचे, जंगलं आणि उद्यानांची कामं द्यायची. पगार महिना ३० डॉलर. त्यातले २५ थेट घरी जायचे, हातात उरायचे ५.

आपल्याकडे प्रोजेक्ट संपून बेंचवर बसलं की महिन्याभरात पोटात गोळा येतो. या पोरांना तर बेंचसुद्धा मिळालं नव्हतं. शाळा सुटलेली, बापाची नोकरी गेलेली आणि घरात खाणारी तोंडं भरपूर. ते २५ डॉलर म्हणजे घरचं धान्य होतं. १९३६ पासून १९४१ पर्यंत अशा पोरांनी कुदळ, फावडं आणि ढकलगाडी घेऊन इथे काम केलं. सरकारच्या दुसऱ्या एका रोजगार योजनेतले मजूरही त्यांच्या जोडीला होते.

आराखडा बर्नहॅम हॉइट या डेन्व्हरच्याच आर्किटेक्टचा, आणि मला खरा रस आहे तो इथे. एवढी भव्य जागा हातात आल्यावर खांब, कमानी, पुतळे उभारायचा मोह कोणालाही झाला असता. हॉइटने जवळपास काहीच उभारलं नाही. उतारावर बाकांच्या ७० रांगा, कडेने जुनिपरची झाडं आणि खाली स्टेज. भिंतींचं काम खडकांनी आधीच करून ठेवलं होतं. सुरुवातीला तर स्टेजवर कायमचं छप्परही नव्हतं. आपल्या धंद्यात नवं फीचर घालणाऱ्याचं कौतुक होतं, 'हे नकोच' म्हणणाऱ्याचं फारसं होत नाही. हॉइटने 'नकोच' म्हटलेल्या गोष्टी आजही दिसत नाहीत, आणि म्हणूनच ती जागा तशी दिसते.

अर्थात काहीच तोडलं नाही असं नाही. मधल्या उतारावर प्रचंड शिळा पडलेल्या होत्या आणि त्या काढायला निसर्गप्रेमी मंडळींचा विरोध होता. अशी कथा सांगतात, की क्रॅनमरने सगळ्या शिळांखाली सुरुंग पेरून ठेवले आणि वाद चिघळायच्या आत एकदम उडवून दिले! कथा तंतोतंत खरी असो नसो, मधल्या शिळा गेल्या आणि बाजूचे खडक राहिले. ज्या जागेचं आपण 'निसर्गाला हात न लावता केलेलं काम' म्हणून कौतुक करतो, तिथेही कशाला हात लावायचा हे कोणीतरी ठरवलेलंच असतं.

१५ जून १९४१ ला उद्घाटन झालं. सहा महिन्यांत पर्ल हार्बर. १९४२ मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली आणि त्या वयाची पोरं युद्धावर गेली. आपण बांधलेल्या बाकांवर निवांत बसून गाणं ऐकायला त्यांच्यातल्या कितींना मिळालं असेल, कोण जाणे.

पुढचा इतिहास तुम्हाला थोडाफार माहीत असतो. २६ ऑगस्ट १९६४ ला बीटल्स आले आणि चक्क बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. १९७१ मध्ये जेथ्रो टलच्या कार्यक्रमाला तिकीट नसलेला मोठा जमाव जमला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो आत तिकीट काढून बसलेल्यांवरही आला. त्यानंतर सुमारे पाच वर्षं शहराने इथे रॉकच बंद केलं. ५ जून १९८३ ला यू-टू भर पावसात गायले, त्याचं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं आणि या खडकांची कीर्ती झाली. हॉइटचा 'नकोच' पुढच्यांनीही बऱ्यापैकी पाळला. २००३ साली व्हिजिटर सेंटर बांधलं, तेसुद्धा वरच्या पटांगणाच्या खाली.

२०१५ मध्ये अमेरिकन सरकारने रेड रॉक्सला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. मला आवडलेली गोष्ट अशी, की तो दर्जा एकट्या अँफिथिएटरला नाही. ती पोरं राहायची त्या मॉरिसनच्या कॅम्पलाही तो सोबतच मिळाला. कॅम्पच्या साध्या लाकडी बराकी अजून उभ्या आहेत.

तेव्हा त्या मित्राला सांगा, पुढच्या खेपेला त्या बराकींचाही एक फोटो काढून आण म्हणावं.