पँथर जिथून आला, तिथला मैला

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले, हे आपल्या चळवळीतल्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. पण ओकलंडच्या ब्लॅक पँथरने तरी तो काळा चित्ता कुठून घेतला? अलाबामा राज्यातल्या लाऊंड्स कौंटीतून. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण लोकवस्ती एखाद्या मोठ्या गावाएवढी. आज तिथे जेमतेम दहा हजार माणसे राहतात.

1965 च्या सुरुवातीला या कौंटीत सुमारे 80 टक्के लोक काळे होते आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. त्या वर्षी मतदान हक्क कायदा झाला. नाव नोंदवले म्हणून मळेवाल्यांनी कुळांना घराबाहेर काढले. ती कुटुंबे महामार्गालगत तंबूत राहिली, पण मागे हटली नाहीत. जॉन ह्यूलेट आणि स्टोकली कारमायकेल यांच्या पुढाकाराने स्वतंत्र पक्ष निघाला. अक्षरओळख नसलेल्यांसाठी आपल्याकडे निवडणूक चिन्हे आली, तसेच तिथेही चिन्ह लागत असे. त्यांनी काळा पँथर निवडला. 1966 ची निवडणूक ते हरले. 1970 साली मात्र ह्यूलेट त्याच कौंटीचे शेरीफ झाले.

आपण ही गोष्ट इथेच संपवतो आणि टाळ्या वाजवतो. माझा आक्षेप त्यालाच आहे.

कारण सत्ता आली, पण तिजोरी रिकामी होती. ती रिकामी राहील याची तजवीज 1901 सालीच झालेली होती. त्या वर्षी अलाबामाची राज्यघटना लिहायला जमलेल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने पक्के करायचे, हा हेतू लपवलासुद्धा नाही. काळ्यांचा मताधिकार त्यांनी काढून घेतला, हे आपल्याला माहीत असते. त्याच घटनेत मालमत्ता कराला कमाल मर्यादा घातली आणि कौंट्यांचे हात बांधले, हे कमी वाचले जाते. उद्या मत परत मिळालेच, तरी मळेवाल्याच्या जमिनीवर कर बसवता येऊ नये, असा हा बंदोबस्त होता. मतदानावरची बंधने 1965 ला मोडली. कराची भिंत उभीच राहिली. उलट 1970 च्या दशकात घटनादुरुस्त्या करून शेती आणि जंगलाच्या जमिनीला आणखी सवलत दिली: बाजारभाव काहीही असो, सध्याच्या वापरावरून किंमत धरायची आणि तिच्या 10 टक्क्यांवरच कर आकारायचा. आजही मालमत्ता कर वाढवायचा तर कौंटीला आधी राज्य विधिमंडळाचे दार ठोठवावे लागते आणि मग मतदान घ्यावे लागते. 2022 साली त्या घटनेतली वर्णद्वेषी भाषा काढून टाकली. कराच्या मर्यादा तशाच आहेत.

याचा परिणाम दिसतो तो परसात. तिथली माती आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या चिकण मातीची आठवण करून देणारी. कापूस तिच्यातच पिकला आणि गुलाम तिच्यासाठीच आणले. पण ती पाणी जिरवत नाही. साधा शोषखड्डा टिकत नाही, खास बांधलेल्या टाकीला अनेकदा 15 हजार डॉलरहून जास्त खर्च येतो. भुयारी गटार विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत न्यायची तर पिढीभर पुरेल असा स्थानिक महसूल हवा, कर्जरोखे फेडण्याची ऐपत हवी, आणि अनेक केंद्रीय अनुदानांसाठी भरायला स्वतःचा हिस्सा हवा. गरीब कौंटीकडे यातले काही नाही. म्हणून लोक पाइप टाकून मैला घरामागे सोडतात, आणि राज्याचा कायदा त्यांनाच गुन्हेगार ठरवतो! 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या 55 जणांची तपासणी झाली, 19 जणांत अंकुशकृमीचे अंश सापडले. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात.

बाबासाहेबांचा ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती’ हा ग्रंथ 1925 साली आला. आपल्या घरात त्यांचे बाकीचे खंड असतात, हा क्वचितच कोणी उघडतो. खर्चाची जबाबदारी एकाकडे आणि महसुलाचा अधिकार दुसऱ्याकडे, या व्यवस्थेची त्यांनी त्यात पाळेमुळे खणून काढली. लाऊंड्स कौंटी समजून घ्यायला याहून चांगली किल्ली मला सापडलेली नाही.

आपले पंचायत राजही याच किल्लीने उघडून पाहा. 73 व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना जागा राखून दिल्या, त्या बंधनकारक आहेत. कर लावण्याचा अधिकार देणारे 243-एच हे कलम मात्र राज्य विधिमंडळाला ‘देता येईल’ एवढेच म्हणते. म्हणून राखीव जागेवरच्या आपल्या सरपंचताई वस्तीच्या नालीसाठी पंचायत समितीचे उंबरे झिजवतात. आरक्षणाने खुर्ची मिळाली यात वाद नाही, आणि ती सोडा असे मी म्हणत नाही. पण ‘निधी आला का?’ एवढेच विचारणारा कार्यकर्ता अर्धेच राजकारण करतो. निधी कोणाच्या सहीने येतो आणि कोणाच्या सहीने थांबतो, हेही विचारले पाहिजे.

लाऊंड्सला ते अनुभवायला मिळाले. कॅथरीन फ्लॉवर्स या तिथल्याच कार्यकर्तीने वीस वर्षे हा प्रश्न लावून धरला. 2021 साली केंद्रीय न्याय विभागाने 1964 च्या नागरी हक्क कायद्याखाली चौकशी सुरू केली, आणि मे 2023 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाशी करार झाला: लोकांवरचे खटले थांबवायचे, मैला निचऱ्याचा आराखडा करायचा. एप्रिल 2025 मध्ये नव्या सरकारने तो करार एका निर्णयासरशी रद्द केला.