सामुदायिक रेडिओ : प्रसारणाचे नियम

एखाद्या मर्यादित परिसरातील लोकांसाठी, त्यांच्याच सहभागाने आणि नफा कमावण्याचा हेतू न ठेवता चालवलेले कमी शक्तीचे एफएम प्रसारण. सरकारी आकाशवाणी आणि व्यापारी खासगी एफएम यांच्यानंतरचा भारतातील हा तिसरा प्रकार होय. परवानगी केंद्राचे माहिती व प्रसारण मंत्रालय देते.

या परवानगीचे मूळ क्रिकेटमध्ये आहे. सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. तरीही २००२ अखेर सरकारने दार उघडले ते केवळ शिक्षणसंस्थांसाठी. बिहारच्या मन्सूरपूरमध्ये घरगुती जुळणीवर चालणारे आणि गावाने डोक्यावर घेतलेले ‘राघव एफएम’ २००६ मध्ये विनापरवाना म्हणून बंद पाडले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना पात्र ठरवले. २००८ मध्ये तेलंगणच्या मेदक भागातील ‘संघम रेडिओ’ आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ ही केंद्रे सुरू झाली.

व्यक्ती, राजकीय पक्ष व त्यांच्या संलग्न संघटना आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था अपात्र आहेत. स्वयंसेवी संस्थेची नोंदणी होऊन किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या भागात तिचे काम दिसावे लागते. पात्र संस्थांच्या यादीत ग्रामपंचायतीचा वेगळा उल्लेख नाही. पिपरी मेघेसारख्या गावाला हे जाचक आहे. वर्धा शहराला खेटून वाढलेले, जनगणनेत नगर म्हणून मोजले जाणारे हे गाव. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. इथे केंद्र काढायचे तर एखादे महाविद्यालय किंवा जुनी संस्था पुढे यायला हवी. जिल्ह्यात सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तेही पात्र प्रकारात मोडते.

प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॅट आणि अँटेनाची उंची जास्तीत जास्त ३० मीटर. सपाट मुलखात एवढ्यावर पाच ते दहा किलोमीटर आवाज पोचतो. म्हणजे पिपरीतून केलेले प्रसारण वर्धा शहर, सिंदी मेघे, सावंगी मेघे इथे सहज ऐकू येईल. फ्रिक्वेन्सी केंद्राला निवडता येत नाही, ती दूरसंचार खात्याकडून मिळते. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून, शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत झालेले असावेत, अशी अट आहे. पिपरीत ही बोली वऱ्हाडी ठरते.

२०२४ च्या सुधारित तत्त्वांनी पहिल्या परवानगीची मुदत दहा वर्षांवर नेली, जाहिरातींचा वेळ तासाला सातवरून बारा मिनिटे केला, आणि सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे घातले. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. पगार, वीजबिल आणि यंत्रदुरुस्ती भागवायला छोट्या केंद्राला हा पैसा मोठा वाटतो.

सर्वांत वादग्रस्त कलम बातम्यांचे. स्वतःची बातमी देण्यास मनाई आहे. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून देता येते. हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, वीज-पाण्याच्या सूचना, रोगराईचा इशारा हे बातमीत धरले जात नाही. ‘पिपरीत उद्या नळाला पाणी येणार नाही’ हे निवेदिका बिनदिक्कत सांगू शकते. पाणी का येत नाही यावर ग्रामसभेत कोण काय म्हणाले, हे सांगायला गेली की ती बातमी होते. गावाच्या माध्यमाला गावाचीच बातमी वर्ज्य, ही तरतूद समर्थनीय वाटत नाही. खासगी वृत्तवाहिन्यांना दिवसभर मोकळीक असताना तर मुळीच नाही.

आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता इथेही लागू असून प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवावे लागते. नियमभंग झाल्यास पहिल्या वेळी एक महिन्यापर्यंत आणि दुसऱ्या वेळी तीन महिन्यांपर्यंत परवानगी स्थगित होऊ शकते. त्यापुढे ती रद्द होते.